गोठणे आणि विरघळणे : रक्तातील एका तराजूचे मोजमाप

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत रक्ततपासणी विभागाच्या वतीने झालेल्या व्याख्यानाची संहिता)



रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर भेटतात, परिचारिका भेटतात. प्रयोगशाळेतील आम्ही मंडळी मात्र बहुधा एका कागदाच्या रूपानेच आपणास भेटतो. आज प्रत्यक्ष बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल विश्वस्त मंडळाचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत.

व्याख्यानाचा विषय निवडताना आम्हांला फार शोध घ्यावा लागला नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोविडच्या साथीने ‘डी-डायमर’ हा शब्द घरोघरी पोहोचविला. ज्यांनी त्यापूर्वी रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिन यांपलीकडे काही ऐकले नव्हते, तेही परस्परांना या तपासणीचे आकडे विचारू लागले. तेव्हापासून आमच्या खिडकीशी एक प्रश्न वारंवार येतो : ‘रक्तातील गुठळी विरघळविणारे द्रव्य शरीरातच असते म्हणतात, मग ते आमच्या रक्तात पुरेसे आहे की नाही, हे मोजून सांगता येणार नाही का?’ काही दानशूर मंडळींनी तर अशा तपासणीसाठी यंत्र देण्याचीही तयारी दाखविली आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्यामागील सदिच्छा त्याहून मोठी आहे. म्हणूनच त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात न देता, सविस्तर द्यावे असे आम्हांला वाटले.

तराजूची दोन पारडी

रक्ताने वाहिनीच्या आत प्रवाही राहावे आणि वाहिनी फुटताच गोठावे, अशी परस्परविरोधी अपेक्षा निसर्गाने त्याच्याकडून केली आहे. विळीने बोट कापले की क्षणभरात रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, जखमेशी गोळा होतात. पाठोपाठ रक्तद्रवातील घटकांची एक साखळी जागी होते आणि तिच्या शेवटी थ्रॉम्बिन हे विकर तयार होते. विकर म्हणजे ज्याला आपण सर्रास एन्झाइम म्हणतो ते. थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे रूपांतर फायब्रिनच्या तंतूंत करते. तंतूंचे जाळे विणले जाते, त्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी बनते.

तथापि, गुठळी ही कायमची भिंत नसून जखम भरेपर्यंत बांधलेली परांची आहे. काम संपल्यावर ती उतरवावी लागते. हे काम करणाऱ्या विकराचे नाव प्लाझ्मिन. ते रक्तात तयार अवस्थेत हिंडत नाही. यकृतात तयार होणारे प्लाझ्मिनोजेन हे त्याचे सुप्त रूप. ते दर मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे ०.२ मिलिग्रॅम एवढे असते आणि फायब्रिनच्या तंतूंना जाऊन चिकटते. वाहिन्यांच्या आतील अस्तरातून ‘टी-पीए’ नावाचे दुसरे विकर झिरपते. तेही त्याच तंतूंवर बसते आणि शेजारच्या प्लाझ्मिनोजेनला जागे करते. अशा रीतीने विरघळविण्याची क्रिया गुठळीच्या अंगावरच घडते, अन्यत्र नाही.

ही क्रिया हाताबाहेर जाऊ नये म्हणून दोन पहारेकरी नेमलेले आहेत. तंतूंपासून सुटून रक्तद्रवात आलेल्या प्लाझ्मिनला ‘अल्फा-२ अँटिप्लाझ्मिन’ हा घटक सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात निष्प्रभ करतो. टी-पीएला आवर घालणारा घटक म्हणजे ‘पीएआय-१’. एका पारड्यात गोठणे, दुसऱ्यात विरघळणे आणि दोहोंवर हे पहारेकरी, असा हा तराजू आहे. पहिले पारडे जड झाले तर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा फुप्फुसातील गुठळी. दुसरे जड झाले तर न थांबणारा रक्तस्राव. हा तराजू कोठे झुकला आहे हे समजणे, एवढेच आमच्या या शास्त्राचे प्रयोजन.

या ज्ञानाचा प्रवास

अकस्मात मरण पावलेल्या प्राण्यांचे रक्त पातळच राहते, अशी नोंद इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन हंटर यांच्या १७९४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते. त्याचा उलगडा मात्र पुढे शतकभर झाला नाही. १८९३ साली फ्रान्समधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ दास्त्र यांनी फायब्रिन आपोआप विरघळण्याच्या क्रियेस ‘फायब्रिनोलिसिस’ हे नाव दिले. १९३० साली मॉस्कोत सर्गेई युदिन यांनी आकस्मिक मृत्यू आलेल्या व्यक्तींचे रक्त रुग्णांना देण्यास प्रारंभ केला. असे रक्त आधी गोठते, नंतर स्वतःच पातळ होते आणि पुन्हा गोठत नाही, हे त्यांच्या अनुभवास आले. रक्तपेढीची कल्पना रुजण्याच्या त्या काळात हे मोठेच पाऊल होते.

१९३३ साली अमेरिकेत टिलेट आणि गार्नर यांनी घसा व त्वचेच्या रोगांस कारण होणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंपासून मानवी गुठळी विरघळविणारे द्रव्य मिळविले. तेच पुढे स्ट्रेप्टोकायनेज म्हणून औषधात आले. १९४७ साली डेन्मार्कमध्ये अ‍ॅस्ट्रप आणि पेर्मिन यांनी प्राण्यांच्या ऊतींतही असे सक्रियक असल्याचे दाखविले. त्यातील शुद्ध टी-पीए मुबलक प्रमाणात हाती येण्यास मात्र १९७९ नंतरची वर्षे उजाडली. बेल्जियममधील डेझिरे कोलेन आणि त्यांचे सहकारी रायकेन यांनी त्वचेच्या कर्करोगातील पेशींच्या एका वाणापासून ते वेगळे केले. १९८३ साली त्याचे जनुक हाती आले आणि १९८७ साली अमेरिकेत हृदयविकारासाठी त्यास मान्यता मिळाली.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत डॉ. गिरीश साहनी यांच्या नेतृत्वाखाली स्ट्रेप्टोकायनेजच्या देशी निर्मितीचे तंत्र विकसित झाले आणि टी-पीएची सुधारित आवृत्ती असलेले टेनेक्टेप्लेज आपल्या पुण्यात तयार होते. औषध देशात बनू लागले म्हणजे ते धर्मादाय रुग्णालयाच्या आवाक्यात येण्याची वाट मोकळी होते, हे येथे वेगळे सांगावयास नको.

मोजणे इतके अवघड का?

पहिली अडचण प्रमाणाची. एका मिलिलिटर रक्तद्रवात फायब्रिनोजेन सुमारे ३ मिलिग्रॅम असते. टी-पीए साधारण ५ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे पाच अब्जांश. दोहोंतील तफावत सुमारे सहा लाख पटींची आहे. त्यातही बहुतांश टी-पीए पीएआय-१ शी जखडलेले, म्हणजे निष्क्रिय असते. जे मोकळे असते त्याचा यकृत अवघ्या काही मिनिटांत निचरा करते.

दुसरी अडचण काळाची. ही क्षमता दिवसभर सारखी नसते. १९५७ साली फिअर्नली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, गुठळी विरघळविण्याची रक्ताची शक्ती सकाळी मंद असते आणि दिवस चढेल तशी वाढते. पहाटे पीएआय-१ सर्वाधिक असतो, हे त्याचे कारण पुढे कळले. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळेत अधिक येतात. याला रक्तदाब आणि संप्रेरके यांच्यासमवेत हेही एक कारण मानले जाते. तेव्हा सकाळी आठचा आकडा आणि सायंकाळी पाचचा आकडा यांची तुलना करणे म्हणजे भरतीच्या पाण्याची ओहोटीशी तुलना करण्यासारखे आहे.

तिसरी अडचण खुद्द नमुना घेण्याची. दंडावर पट्टा आवळून ठेवला तर त्या हातातील शिरांच्या अस्तरातून टी-पीए अधिक झिरपते. रुग्ण जिने चढून धापा टाकीत आला असेल तरीही तेच घडते. रक्त नळीत आल्यावरही पीएआय-१ आपले काम थांबवीत नाही. म्हणून विशिष्ट आम्लयुक्त सायट्रेटच्या नळीत नमुना घ्यावा लागतो. प्लेटलेटमध्ये पीएआय-१ चा साठा असल्याने त्या फुटण्याआधीच वेगळ्या कराव्या लागतात आणि रक्तद्रव तत्काळ गोठवून ठेवावा लागतो. रुग्णाला पंधरा-वीस मिनिटे शांत बसवून, ठरावीक सकाळच्या वेळी, पट्टा शक्य तितका सैल ठेवून नमुना घेतला नाही, तर लाखो रुपयांचे यंत्रही चुकीचाच आकडा देईल. मात्र तो दोन दशांश स्थळांपर्यंत देईल, एवढेच!

मोजमापाच्या पद्धती

या अडचणींतून वाट काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी वेळोवेळी निरनिराळ्या युक्त्या योजिल्या. त्यातील काहींची माहिती आपणास रंजक वाटेल.

१९५२ साली अ‍ॅस्ट्रप आणि म्युलर्ट्झ यांनी ‘फायब्रिन प्लेट’ पद्धत प्रसिद्ध केली. काचेच्या उथळ बशीत फायब्रिनचा पातळ थर जमवावयाचा, त्यावर नमुन्याचे थेंब ठेवावयाचे आणि बशी रात्रभर ३७ अंश सेल्सियसला ठेवावयाची. सकाळी थेंबाच्या जागी थर विरघळून वर्तुळ पडलेले दिसते. वर्तुळ जितके मोठे, तितकी विकराची शक्ती अधिक. त्याच काळातील दुसरी युक्ती अशी की, बशी आधी तापविली तर थरातील प्लाझ्मिनोजेन नष्ट होते. मग त्या बशीवर केवळ तयार प्लाझ्मिनच वर्तुळ पाडू शकते, सक्रियक नाही. साध्या उष्णतेच्या साहाय्याने दोन विकरे वेगळी ओळखण्याची ही कल्पकता आजही कौतुकास्पद वाटते.

दुसरी पद्धत ‘युग्लोब्युलिन’ चाचणीची. रक्तद्रव थंड, किंचित आम्ल पाण्यात पातळ केला की फायब्रिनोजेन, प्लाझ्मिनोजेन आणि टी-पीए साक्याच्या रूपाने तळाशी बसतात. पहारेकरी घटक बहुतांशी वरच्या पाण्यात राहतात. हा साका पुन्हा विरघळवून त्याची गुठळी करावयाची आणि ती पातळ होण्यास किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावयाचे. निरोगी माणसात हा काळ सर्वसाधारणपणे दोन ते चार तासांचा असतो. तो फारच कमी भरला तर विरघळण्याची क्रिया अनावर झाल्याचा संशय घ्यावा.

१९७० च्या दशकात रंगद्रव्याच्या पद्धती आल्या. प्लाझ्मिनने तोडावा असा एक छोटा कृत्रिम रेणू नमुन्यात मिसळतात. तो तुटला की पिवळा रंग सुटतो आणि रंगाच्या तीव्रतेवरून विकराची शक्ती मोजली जाते. याशिवाय ‘एलायझा’ पद्धतीने टी-पीए किंवा पीएआय-१ यांचे वजनी प्रमाण कळते. जर्मनीत १९४८ साली हेलमुट हार्टर्ट यांनी शोधलेल्या थ्रॉम्बोइलास्टोग्राफी तंत्रात तर गुठळी बनण्यापासून विरघळण्यापर्यंतचा सारा आलेख समोर उमटतो. मोठ्या शस्त्रक्रियांच्या वेळी, विशेषतः यकृत प्रत्यारोपणात, तो फार उपयुक्त ठरतो.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. वजन आणि शक्ती या दोन भिन्न बाबी आहेत. अमेरिकेत डॉक्टरांच्याच एका मोठ्या गटाच्या अभ्यासात १९९३ साली असे दिसून आले की, ज्यांच्या रक्तात टी-पीएचे वजनी प्रमाण अधिक, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका अधिक होता. गुठळी विरघळविणारे द्रव्य अधिक आणि तरीही धोका अधिक, हे प्रथमदर्शनी चक्रावून टाकणारे वाटते. त्याचा सयुक्तिक अर्थ असा की, वाढलेले टी-पीए पीएआय-१ ने जखडलेले होते. तिजोरीतील रक्कम मोठी दिसत होती, परंतु ती गहाण पडलेली होती. म्हणूनच ‘आमच्यात हे द्रव्य किती आहे’ या प्रश्नाला मिळणारा नुसता आकडा दिलासाही देऊ शकत नाही आणि इशाराही.

पीएआय-१ पोटावरील चरबी, मधुमेह आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड यांबरोबर वाढतो. तो कमी करण्याचा मार्ग चालणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि साखर नियंत्रणात राखणे हाच आहे, आणि हा सल्ला तपासणी न करताही देता येतो. प्रत्येक निरोगी व्यक्तीची अशी तपासणी करावी, असे आम्ही सुचवीत नाही, त्याचे कारण हेच.

डी-डायमर : विरघळल्याचा पुरावा

विकर मोजणे कठीण. परंतु त्याने केलेल्या कामाचा अवशेष मोजणे तुलनेने सोपे असते. प्लाझ्मिन जेव्हा पक्क्या विणलेल्या फायब्रिनचे तुकडे करते, तेव्हा जोडीने चिकटलेले दोन तुकडे उरतात. तेच डी-डायमर. ते रक्तात आढळले म्हणजे शरीरात कोठेतरी फायब्रिन तयार झाले आणि विरघळलेही, एवढे निश्चित.

परंतु ‘कोठे’ आणि ‘कशामुळे’ हे तो आकडा सांगत नाही. गर्भारपण, शस्त्रक्रिया, मार लागणे, जंतुसंसर्ग, कर्करोग, इतकेच नव्हे तर वाढते वय यांतही डी-डायमर वाढते. या तपासणीचे खरे बळ नकारात आहे. वैद्यकीय तपासणीवरून शिरेत वा फुप्फुसात गुठळी असण्याची शक्यता कमी वाटत असेल आणि डी-डायमरही मर्यादेच्या आत असेल, तर पुढील महागड्या तपासण्या टाळता येतात. पन्नाशीच्या पुढील रुग्णांसाठी वयाची दहापट हा आकडा मर्यादा म्हणून धरता येतो, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. म्हणजे ७० वर्षांच्या आजोबांसाठी मर्यादा ५०० ऐवजी ७०० नॅनोग्रॅम.

एककांचा घोळ हा आणखी एक मुद्दा. काही प्रयोगशाळा हे प्रमाण फायब्रिनोजेनच्या तुलनेत देतात, काही डी-डायमरच्या स्वतःच्या वजनात. पहिला आकडा दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. शिवाय कोणी नॅनोग्रॅममध्ये लिहितो, कोणी मायक्रोग्रॅममध्ये. त्यामुळे एकाच रुग्णाचा एकच नमुना ५००, ०.५ किंवा २५० अशा तीन रूपांत छापला जाऊ शकतो. साथीच्या काळात दोन ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवून अनेक कुटुंबांनी रात्री जागून काढल्या. आपणास आमची विनंती एवढीच की, आकडा वाचण्यापूर्वी त्यापुढील एकक वाचावे आणि दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना स्वतः न करता डॉक्टरांवर सोपवावी.

जेथे मोजत बसू नये

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हृदयविकाराच्या झटक्यात आणि पक्षाघातात विकराचे मोजमाप करीत बसण्यास वेळ नसतो, आणि त्याची गरजही नसते.

हृदयविकारात निर्णय होतो तो ईसीजीवर, आणि तो रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत निघावयास हवा. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी शक्य असेल तर ती उत्तम. नसेल तर निदान झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत गुठळी विरघळविणारे औषध सुरू करावे, असे आजचे शास्त्र सांगते. १९८६ साली इटलीत सुमारे बारा हजार रुग्णांवर झालेल्या ‘जिसी’ चाचणीत स्ट्रेप्टोकायनेजमुळे २१ दिवसांतील मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांना लाभ सर्वाधिक झाला. १९८८ सालच्या ‘आयसिस-२’ चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. त्यात स्ट्रेप्टोकायनेज आणि अ‍ॅस्पिरिन ही दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांमुळे झालेले मृत्यू ८ टक्के, तर दोन्ही न मिळालेल्यांत १३.२ टक्के होते. यात विकर मोजण्याचा भाग कोठेही नव्हता; मोजली गेली ती वेळ.

पक्षाघातात प्रथम सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. रुग्ण रक्त पातळ ठेवणारी औषधे घेत नसेल आणि अन्य शंका नसेल, तर औषधापूर्वी हाती असलीच पाहिजे अशी रक्ततपासणी एकच : साखर. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३ तासांच्या आत टी-पीए मिळालेले रुग्ण तीन महिन्यांनंतर जवळजवळ पूर्ववत होण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी अधिक होती. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढविता येते असे दिसून आले.

या औषधाची दुसरी बाजू आम्ही लपवू इच्छीत नाही. त्याच चाचणीत मेंदूत गंभीर रक्तस्राव होण्याचे प्रमाण औषध न मिळालेल्यांत ०.६ टक्के, तर मिळालेल्यांत ६.४ टक्के होते. म्हणजेच औषध वाचविते आणि क्वचित घातही करते. आमचे सहकारी डॉक्टर जेव्हा रात्री दोन वाजता आपणासमोर संमतिपत्र ठेवतात, तेव्हा हे दोन्ही आकडे त्यांच्या मनात असतात. आपला थरकाप आम्ही समजू शकतो. परंतु गावाहून काका येईपर्यंत थांबू, असे म्हटले की तराजूत तिसरे वजन पडते, ते गेलेल्या वेळेचे. मेंदूच्या पेशी कोणाची वाट पाहत नाहीत. म्हणून आमची आग्रहाची विनंती आहे की, घरात वृद्ध, मधुमेही किंवा हृदयरुग्ण असतील, तर अशा प्रसंगी निर्णय कोण घेणार हे कुटुंबाने आजच ठरवून ठेवावे. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे किंवा छातीत जड वाटून घाम फुटणे यांपैकी काहीही दिसताच वेळ पाहावी आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

‘गुठळ्या विरघळविणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांविषयीही विचारणा होते. झटका आल्यावर त्या कोणत्याही अर्थी शिरेवाटे द्यावयाच्या औषधाचा पर्याय नाहीत, हे आम्ही निःसंदिग्धपणे सांगू इच्छितो.

दुसरे पारडे जड होते तेव्हा

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, मोठा अपघात आणि सर्पदंश या तीन प्रसंगी तराजू उलट्या बाजूला झुकू शकतो. जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ साली ट्रॅनेक्झॅमिक आम्ल या औषधाची माहिती प्रसिद्ध केली. ते प्लाझ्मिनोजेनला तंतूंवर बसूच देत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह ४० देशांतील वीस हजारांहून अधिक अपघातग्रस्तांच्या चाचणीत या स्वस्त औषधाने मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आणले. २०१७ साली २१ देशांतील वीस हजार मातांच्या चाचणीत ते प्रसूतीनंतर ३ तासांच्या आत दिले असता रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ वरून १.२ टक्क्यांवर आल्याचे दिसले. पुन्हा मोलाची ठरली ती वेळच.

घोणस चावली की तिचे विष रक्त गोठविणाऱ्या घटकांना भडकावते; फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि मग रक्त गोठतच नाही. हे ओळखण्याची चाचणी अत्यंत साधी आहे. रुग्णाचे २ मिलिलिटर ताजे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत न हलविता २० मिनिटे ठेवावयाचे आणि नंतर नळी तिरपी करून पाहावयाची. रक्त पातळच राहिले तर प्रतिविषाची गरज स्पष्ट होते. नळी मात्र काचेचीच हवी, प्लास्टिकची नव्हे, आणि ती साबणाने किंवा डिटर्जंटने धुतलेली नसावी. ज्या चाचणीचा खर्च जवळजवळ शून्य, तिच्यावर येथे एका शेतकऱ्याचा जीव अवलंबून असतो.

आपल्या सदिच्छेस आमचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विकरे मोजता येतात काय? येतात. दुर्मीळ आनुवंशिक विकारांत, उदाहरणार्थ जन्मतः अल्फा-२ अँटिप्लाझ्मिन किंवा प्लाझ्मिनोजेन कमी असलेल्या मुलांत, ती मोजलीच पाहिजेत. त्यासाठी मुंबईत परळ येथे केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे. अशा मोजक्या रुग्णांना योग्य त्या ठिकाणी पाठविणे, हे येथे महागडे यंत्र बसवून वर्षाकाठी त्यावर चार नमुने तपासण्यापेक्षा अधिक शहाणपणाचे होय. क्वचित चालणाऱ्या यंत्रावर हात बसत नाही, आणि हात न बसलेल्या यंत्राच्या आकड्यावर उपचार ठरविणे रुग्णाच्या हिताचे नसते.

मग आपल्या देणगीची गरज कोठे आहे? आमची नम्र सूचना अशी. पहिली गरज, अहोरात्र चालणाऱ्या फायब्रिनोजेन आणि डी-डायमर तपासण्यांची, एकाच निश्चित एककात दिलेल्या अहवालासह. दुसरी, रोजच्या नियंत्रण नमुन्यांची, ज्यांच्या आधारे यंत्र खरे बोलते की नाही हे पडताळले जाते. तिसरी, रात्रपाळीस प्रशिक्षित तंत्रज्ञाची. आणि चौथी, ज्यांच्याजवळ त्या क्षणी पैसे नाहीत अशा रुग्णांसाठी गुठळी विरघळविणाऱ्या औषधाच्या काही कुप्या अपघात विभागाच्या शीतकपाटात कायम तयार ठेवण्याची. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत तो अर्धा तास वाया जाऊ नये, यासाठी हा साठा हवा.

यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते; नियंत्रण नमुन्याच्या कुपीवर किंवा रात्रपाळीच्या पगारावर ती लावता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही जे अशा न दिसणाऱ्या गोष्टींसाठी देतात, त्यांचे दान पहाटे तीन वाजता येणाऱ्या अनोळखी माणसाच्या कामी येते.

मानवी रक्तातील हा तराजू कोट्यवधी माणसांत कोणी न मोजताही आयुष्यभर समतोल राहतो. तो ढळला तर मोजमाप अचूक असावे आणि उपचार वेळेत मिळावा, एवढीच आमची आकांक्षा आहे. ती पूर्ण करण्यास आपणा सर्वांचे सहकार्य लाभेल असा विश्वास आम्ही व्यक्त करतो.